एक ताट रोग्याला, एक मला

मी एक जुना कॅलरीमापी आहे. दवाखान्याच्या तळघरात, जिन्याखाली मला ढकलून ठेवलंय. माझ्या झाकणावर फरशीची फडकी वाळत घालतात. घालू देत. इतकी वर्षं पोटात आग सोसल्यावर ओल्या फडक्याचा गारवा बरा वाटतो.

मित्रांनो, अन्नात किती ऊर्जा आहे हे नुसतं बघून कळत नाही. ते जाळून पाहावं लागतं. जेवण वाटून, वाळवून त्याची लहानशी गोळी करत. ती माझ्या पोटातल्या जाड पोलादी डब्यात ठेवत, डब्यात प्राणवायू भरत, झाकण आवळत आणि तो पाण्यात बुडवत. तारेतून ठिणगी पडली की गोळी जळून जाई. भोवतीचं पाणी किती तापलं, त्यावरून उष्मांक निघत. माणसाचं शरीर माझ्याइतकं सगळं जाळू शकत नाही, म्हणून हिशेबात थोडी वजाबाकी करत.

आमच्याकडे अशक्त रोग्यांसाठी दोन सारखी ताटं वाढली जात. एक रोग्याला, एक मला. रोग्यानं टाकलेलं अन्नही माझ्याकडेच येई. माझ्या ताटातून ते वजा केलं की रोग्याच्या पोटात किती गेलं ते समजे.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे भट्टीबाई म्हणत. ताट खाली आणणारा आचारी रोज कुरकुरायचा.

"आम्ही जीव ओतून रांधायचं आणि तुम्ही त्याची राख करायची! चव तरी घ्या कधी."

"चव मोजायचं यंत्र आणा, आचारीदादा. मग घेते."

डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. "हे यंत्र खोटं बोलत नाही," म्हणत. ऐकून मी फुगायचो.

मग भट्टीबाईच आजारी पडल्या. वरच्याच मजल्यावर त्यांची खाट लागली आणि त्यांची लेक दिवसभर उशाशी बसू लागली. मला दुसऱ्या बाई चालवू लागल्या. पहिले काही दिवस भट्टीबाईंचं ताट जसंच्या तसं खाली यायचं. तोच भात, तोच उकडलेला बटाटा, वर साय धरलेलं सूप. ते जाळताना मला फार जड जाई. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल."

त्यानंतर ताट रिकामं येऊ लागलं. आकडे उत्तम! सगळ्यांना हायसं वाटलं. पण भट्टीबाईंचं वजन उतरतच होतं. डॉक्टर चक्रावले. खाल्लेलं अंगी लागत नाही असं समजून त्यांनी तपासण्या वाढवल्या. सुया टोचून टोचून बाईंचे हात काळेनिळे झाले.

एके दुपारी विसरलेला तांब्या आणायला आचारी परत वर गेला आणि दारातच थबकला. खाली येऊन त्यानं जे सांगितलं, ते मी ऐकलं. भट्टीबाई आपल्या ताटातला घास लेकीच्या तोंडाशी धरून बसल्या होत्या.

"खा गं. माझ्या घशाखाली उतरत नाही आणि तू सकाळपासून नुसत्या चहावर आहेस."

"आई, उरलेलं मोजतात ते!"

"मला शिकवतेस? म्हणून तर म्हणते, उरवू नकोस."

लेक रडत होती आणि खात होती.

सांगून झाल्यावर आचाऱ्यानं नव्या बाईंनाच विचारलं. "आता हे डॉक्टरांना कसं सांगू? सांगितलं तर नळी घालतील. नाही सांगितलं तर सुया टोचत राहतील." शेवटी तो गेला आणि सांगून आला. डॉक्टर बराच वेळ बाईंच्या खाटेशी बसले. तपासण्या थांबल्या. नळी नको, असं बाईंनी स्वतःच सांगितलं आणि डॉक्टरांनी ते मानलं.

दुसऱ्या दिवशी आचाऱ्यानं दोन ताटं वाढली आणि दोन्ही वर नेली. मग रिकाम्या हातांनी खाली आला आणि माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाला, "तुला उपास रे बाबा. तुझं ताट लेकीला."

मायलेकी शेजारी शेजारी बसून जेवल्या. बाईंनी कसेबसे दोन-चार घास घेतले, पण ते त्यांचे स्वतःचे होते. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मला पुन्हा पेटवावं असं कुणाला वाटलं नाही. नंतर नवं यंत्र आलं आणि मी जिन्याखाली आलो.

मित्रांनो, आकडा माझा खरा होता. तेवढं अन्न खरोखर कुणाच्या तरी पोटात गेलं होतं. कुणाच्या, हे मात्र मला सांगता येत नव्हतं. आता मी थकलोय, जास्त बोलवत नाही. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याच्या औषधपाण्याची काळजी घ्याच. पण उशाशी जे माणूस दिवसभर बसून असतं ना, त्यालाही विचारा, "तू जेवलास का?" आणि "हो" म्हणालं, तरी ताट वाढा.