गिरजाची नाडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. माझ्यावर एका बाईच्या छातीतल्या आणि गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. ती बाई जोयड्याजवळच्या नंदिगड्डे गावची गिरजा.

१९६४ साली, माघातली उळवीची जत्रा संपली त्या आठवड्यात, बेळगावच्या एका इस्पितळात माझा जन्म झाला. गिरजा तेव्हा बावीस वर्षांची होती. भात कांडताना तिचा डावा हात भरून येई, अंगात बारीक ताप असे. जोयड्याच्या दवाखान्यात तिच्या डाव्या मनगटाला नाडीच लागेना, तेव्हा नवरा झिलू तिला घेऊन बेळगावला आला.

डॉक्टर कमलबाईंनी तिच्या जांघेतून एक बारीक नळी वर छातीपर्यंत सरकवली.

"आता नळीतून औषध सोडते, म्हणजे रक्तवाहिन्या फिल्मवर दिसतील. अंग आतून भाजल्यासारखं होईल, पण हलायचं नाही."

गिरजाने दात आवळले. डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण ती हलली नाही. म्हणून तर मी इतकी स्पष्ट निघाले.

कमलबाईंनी मला उजेडावर धरलं. "मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आलीय. डाव्या हाताकडे जाणारी जवळजवळ बंद झालीय. उजवी अजून चांगली आहे." त्यांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि मला झिलूच्या हाती सोपवलं. "ही जपून ठेवा. सहा महिन्यांनी नवी काढू. दोन्ही शेजारी धरल्या की सूज थांबली की पसरली, ते कळेल."

गिरजाने मला लुगड्याच्या घडीत ठेवलं. तिचा ताप गेला. पण गोळ्यांनी तोंड सुजलं आणि पाणवठ्यावर बाया हसू लागल्या. तिने कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. तिची सासू केशर मला भ्यायची. जित्या माणसाची हाडं घरात नकोत, म्हणून तिने मला गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं. पावसाळ्यात ओल माझ्यात शिरली. चित्राचा थर मऊ पडून गोणपाटाला चिकटला. मला हाक मारता येत नव्हती.

श्रावणात तण भांगलताना गिरजा शेतात कोसळली. तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला होता. झिलूने तिचं उजवं मनगट धरलं. आता तिथलीही नाडी जेमतेम लागत होती.

"फोटू कुठं हाय?" सगळं घर उचकून झिलू ओरडला.

केशर गोठ्यात गेली आणि मला घेऊन आली. घाबरून ती गोणपाट ओढू लागली. माझा खालचा कोपरा सोलून निघाला.

"आत्ती, वडू नका!" गिरजा अंथरुणावरून सासूला म्हणाली. "हाय तसंच न्हेऊया."

झिलूने आणि त्याचा भाऊ परशू याने तिला घोंगडीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. ओढे भरलेले होते. मागून केशर मला डोक्यावर घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून आली.

इस्पितळात मला पाण्यात भिजत ठेवलं. गोणपाटाचा एकेक धागा सोडवायला दुपार गेली. तोवर गिरजाची नवी फिल्म निघाली. कमलबाईंनी आम्हा दोघींना उजेडावर शेजारी लावलं.

"जुन्या फिल्ममध्ये उजवी वाहिनी भरदार आहे. नव्या फिल्ममध्ये निम्मी झालीय. गोळ्या घेत होतीस ना?"

गिरजाने मान खाली घातली. "न्हाई. मीच सोडल्या."

"सूज पसरतेय. गोळ्या वाढवते. आता एक दिवसही चुकवायचा नाही."

१९६७ साली तिसरी फिल्म काढली. उजवी वाहिनी आणखी अरुंद झाली नव्हती. डाव्या मनगटाची नाडी मात्र परत आली नाही.

त्या दिवशी केशरने माझ्या सोललेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बाई, माज्या हातनं गेलं, तितं काय हुतं?"

"पोटाकडे जाणारी वाहिनी. नव्या फिल्ममध्ये तिथं थोडी अरुंद जागा दिसते," कमलबाई म्हणाल्या. "ती पहिल्यापासून होती की नंतर झाली, ते आता कधीच कळायचं नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी फिल्म असेल, तर तिला ओल लागू देऊ नका. आणि औषध सोसत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. मुकाट्याने सोडू नका.

त्या दिवशी परतताना केशरने आम्हा तिघींना कोऱ्या कागदात घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "मावशे, प्येटी खाली ठेव की." तिने नाही म्हणून मान हलवली. उतरायचं रामनगर येईपर्यंत पेटी तिच्या मांडीवरच होती.