कंदिलाचा हात

निरुपमा दिघेने तो लेख २०१९च्या फेब्रुवारीत इंटरनेटवर टाकला. विषय होता एका जुन्या, फारशा न चाललेल्या जपानी मांगातला, म्हणजे चित्रकथामालिकेतला, नावाडी हारुओ आणि त्याचा सोबती सेन यांचं नातं. पहिल्या तीन खंडांत हारुओ कंदील डाव्या हातात धरतो. सेन बंदर सोडून जातो आणि चौथ्या खंडापासून कंदील उजव्या हातात दिसतो. ज्या हाताने सेनला उजेड दाखवला, त्या हाताने हारुओने पुन्हा कंदील उचललाच नाही, असं निरुपमाचं म्हणणं होतं. दोघांच्या बोलण्यात प्रेमाचा एक शब्द नाही, पण पुरावा हातात आहे. त्यासाठी तिने दोनशे बारा चौकटी मोजल्या होत्या.

लेख गाजला. मांगा वाचणाऱ्यांच्या गटांत ‘हात बदलला’ एवढं म्हटलं तरी पुरायचं. चाहते त्यावरून चित्रं काढू लागले.

अशाच एका गटात ‘पाटीपेन्सिल’ या नावाने कुणीतरी शाईची चित्रं टाकत असे. रेषा जुन्या वळणाची आणि ठाम होती. जूनमध्ये पहिल्या खंडातला धक्क्यावरचा प्रसंग आला. चित्रात कंदील उजव्या हातात होता. निरुपमाने त्या हाताभोवती लाल गोल काढला आणि चित्र पुन्हा गटात टाकलं. खाली लिहिलं, ‘मूळ न बघता चित्रं काढणाऱ्यांसाठी धडा पहिला.’ दोन दिवसांत चारशे लोक हसून गेले. पाटीपेन्सिलने आपली एकतीसही चित्रं गटातून उतरवली. त्यानंतर ते नाव कुठे दिसलं नाही. निरुपमाने याची दखल घेतली नाही.

डिसेंबरात बडोद्यातल्या चाहत्यांनी सयाजीगंजमधल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर रविवार दुपार ठरवली. तीसेक जण आले. निरुपमा बोलायला उभी राहणार, एवढ्यात दारात सुती साडीतल्या, साठीच्या एक बाई आल्या. हातात जड कापडी पिशवी. कुणाची तरी आई मुलाला न्यायला आली, असं हेत्वीला वाटलं. कार्यक्रम तिनेच ठरवला होता.

“आंटी, कोने लेवा आव्या?”

“कोईने नहि, बेन. पाटीपेन्सिल हुं ज छुं.”

पाटीपेन्सिल म्हणजे या बाई! सगळे वळून बघू लागले.

बाईंचं नाव प्रेमला माने. राहायला शहरातच, हरणीला. एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्या थेट निरुपमासमोर येऊन बसल्या.

“तूच का निरुपमा? मराठीच ना? बरं झालं, गुजरातीत मला भांडता येतं, चूक कबूल करता येत नाही.”

दोघेतिघे हसले.

“काकू, ते तेव्हा मी जरा जास्तच...”

“अगं, नाही. तुझं बरोबर होतं. जन्मभर मुलांना सांगत आले, आधी बघा, मग काढा. आणि मीच घसरले. मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. म्हणून सगळी दुरुस्त करून आणलीत. तपासून दे.”

त्यांनी टेबलावर चित्रं मांडली. एकतीस. प्रत्येक चित्रात दोन्ही हात ब्लेडने खरवडून नव्याने काढले होते; आता उजवा रिकामा होता आणि कंदील डाव्यात. काम इतकं सफाईदार होतं, की कागद तिरपा धरल्याशिवाय कळत नव्हतं.

मग पिशवीतून तीन पिवळी पडलेली पुस्तकं निघाली, मूळ जपानीतले पहिले तीन खंड. “आमचे हे कारखान्याच्या कामाला सहा महिने जपानला होते, तेव्हा आणलेली. वाचता येत नाही, नुसती चित्रं बघते. यात मला अजून उजवाच हात दिसतो बघ. का दिसतो, ते समजावून सांग.”

निरुपमाने पहिला खंड जपानी पद्धतीने उजवीकडून उघडला. तोच धक्का, तीच होडी. पण धक्का दुसऱ्या बाजूला होता आणि कंदील उजव्या हातात.

तिला लगेच कळलं. डावीकडून वाचणाऱ्या परदेशी वाचकांसाठी पूर्वी अशी पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापत. पहिले तीन खंड तिने तसल्या जुन्या इंग्रजी प्रतीवरून वाचले होते. पुढचे खंड मिळाले ते चाहत्यांनी केलेल्या भाषांतरात, आणि तिथे पानं सुलटी होती. हारुओने हात बदललाच नव्हता. प्रत बदलली होती.

“वेगवेगळ्या आवृत्त्यांत थोडा फरक असतो, काकू,” ती म्हणाली.

“असं का. मग आता बरोबर आहेत ना?”

सगळे तिच्याकडे बघत होते.

“हो. आता बरोबर आहेत.”

टाळ्या पडल्या. प्रेमलाबाईंनी चित्रं गोळा केली. पास झालेल्या मुलीसारख्या त्या हसल्या.

घरी, बडोद्यातल्याच अकोट्याला, निरुपमाने आपल्या फायली पुन्हा उघडल्या. पहिल्या तीन खंडांत प्रत्येकाच्या किमोनोची, त्या जपानी अंगरख्याची, उजवी बाजू डावीच्या वर होती. जपानमध्ये तसा किमोनो फक्त मृतांना नेसवतात. हे तिला माहीत होतं. दोनशे बारा चौकटींत तिने हातापलीकडे काही पाहिलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती हरणीला गेली. बसायच्या आधीच तिने सांगितलं, “काकू, चूक माझी होती. माझ्याकडची पानं उलटी होती. मला रविवारीच कळलं.”

प्रेमलाबाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “कळल्यावर बरोबर म्हणालीस?”

“हो.”

“मग लिही. गोल काढला होतास, तिथेच. इथे बसून.”

निरुपमाने फोनवर लिहिलं: ‘माझ्याकडची प्रत उलटी छापलेली होती, त्यामुळे लेखात चूक झाली.’ बाईंनी चष्मा लावून वाचलं.

“हे प्रतीचं झालं. तुझं काय?”

तिने ते खोडलं. दुसरा प्रयत्न लांबला. त्यात ‘अनवधानाने’ होतं. बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा उरलं ते एवढं: ‘प्रेमला माने यांचं चित्र बरोबर होतं. मी मूळ पाहिलं नव्हतं आणि त्यांना हसले. रविवारी खरं कळल्यावरही मी सर्वांसमोर खोटं बोलले. माझा लेख चुकीचा आहे.’

“टाक.”

तिने टाकलं. फोन थरथरू लागला. कुणी लिहिलं होतं, लेख चुकीचा असला तरी कल्पना सुंदर होती. निरुपमाने फोन पालथा ठेवला.

“काकू, त्या चित्रांतले हात परत पहिल्यासारखे करता येतील ना? मी बसते तुमच्याबरोबर, एकेक...”

प्रेमलाबाईंनी गठ्ठ्यातला वरचा कागद उचलून खिडकीसमोर धरला. जिथे हात खरवडले होते, तिथून ऊन आरपार आलं.

“याला दुसऱ्यांदा ब्लेड लावता येत नाही,” त्या म्हणाल्या. “फाटतो.”