भाकरीचं टेबल

मित्रांनो, मी एका चर्चमधलं जुनं टेबल आहे. मंडळीतल्याच एका सुताराने मला फुकट करून दिलं. एक पाय बोटभर आखूडच राहिला, पण माझा तोरा विचारू नका. दर रविवारी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायची, भाकर आणि प्याला माझ्यावर मांडत. उपासना संपली की मला बाहेर आणत आणि रस्त्यावरचा जो भुकेला येईल तो माझ्यावरच जेवे. कोणी सांडलं की मी मनातल्या मनात चरफडत असे. झाडलोट करणारी मावशी म्हणायची, "पुसलं की झालं."

मग लढाई सुरू झाली. एक दिवस सेनापतींचा अधिकारी आला. त्याचा हुकूम असा: रविवारी माझ्यावर बंदुका मांडायच्या, आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्या बंदुकांना आशीर्वाद द्यायचा. केलं तर गळक्या चर्चला नवं छप्पर, नाही तर दाराला कुलूप.

"दोन मिनिटांचं काम, पाळकसाहेब. देऊन टाका आशीर्वाद," मंडळीचा कारभार पाहणारे आमचे पंच कुजबुजले. खरं सांगायचं तर मलाही छपराचा मोह झाला.

आमचे पाळक तसे भित्रे. पण त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "या बंदुका ज्यांना मारायला निघाल्यात, त्यांच्यासाठीही ही भाकर मोडली आहे. एका टेबलावर दोन्ही नाही मांडता येणार मला."

माझ्या अंगावर काटाच आला. इतकी वर्षं जवळून पाहिलेला हा माणूस मला कळलाच नव्हता.

त्याच दुपारी पाळकांना धरून नेलं. चर्चचं कोठार झालं. बंदुका माझ्यावर आल्याच, फक्त आशीर्वादाविना. मला रडू येत होतं. माझ्यावाचून आता प्रभुभोजन कसलं, असं वाटलं.

रविवारी बंद दाराबाहेर गाणं ऐकू आलं. मावशी म्हणत होती, "टेबल नाही तर नाही. माझ्या मांडीवर ठेवा भाकर." पाळकांसाठी प्रार्थना झाली, ती त्याच पंचांनी केली. मग ते म्हणाले, "दारावरच्या त्या पहारेकऱ्यालाही भाकर हवी का विचारा. सकाळपासून उन्हात उभा आहे."

मी थक्कच झालं. मंडळी माझ्यामुळे आहे, असं मी समजत होतं.

मित्रांनो, कधी हे दार उघडलं तर मला पॉलिश करू नका, काचेमागे तर मुळीच ठेवू नका. माझ्यावर भाकर मांडा, आणि ज्याला द्यायचं तुमच्या अगदी जिवावर येतं, त्याला आधी द्या.