टाकीतलं मशीन

सासूबाई गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला वाकल्या आणि कानाचं मशीन डुबुक करून आत पडलं. सून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पाण्यात पडलेल्या वस्तू तिच्या पाचवीलाच पुजलेल्या. तिने काठीला गाळणं बांधून मशीन वर काढलं, टाकीचं झाकण घट्ट लावलं आणि खाली आली.

"तांदळात ठेव," नवरा म्हणाला.

"तांदळाचा भात होतो. मशीन त्याने वाळत नाही."

तिने सेल काढला, मऊ ब्रशने फटी साफ केल्या आणि ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत मशीन डबीत बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा सेल घालून तिने ते सासूबाईंच्या कानात बसवलं.

"येतंय का ऐकू, आई?"

"स्वच्छ!" सासूबाई हरखल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "अगं, तिला उत्तर दे ना. कधीची विचारतेय बिचारी."

"कोण?"

"झाकण कोणी लावलं म्हणून विचारतेय."

आत ओल राहिली की मशीन खरखरतं, हे सुनेला ठाऊक होतं. तिने ते काढून स्वतःच्या कानात घातलं. आधी नुसतं बुडबुड ऐकू आलं. मग अगदी कानाशी, दमलेल्या बाईचा आवाज आला, "झाकण कोणी लावलं?"

ती मशीन कानात ठेवूनच गच्चीवर गेली. लख्ख ऊन होतं. तिने झाकण उचललं. आत काठोकाठ, निवांत पाणी.

"मी लावलं," ती पुटपुटली. "चुकलं माझं."

कानात कुणीतरी लांब श्वास घेतला. बघता बघता पाणी हातभर खाली गेलं. बाहेर मात्र थेंबही सांडला नाही.

तिने झाकण तसंच टाकलं आणि जिन्याकडे धाव घेतली. मागे ओल्या पावलांची चपचप. तिने मशीन कानातून उपटलं. सगळं चिडीचूप. वळून बघायची काही तिची छाती झाली नाही.

खाली सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी अंग चोरून वाट दिली, सून आत आली, तरी त्या तशाच बाजूला उभ्या राहिल्या. जिन्याकडे बघत मायेने म्हणाल्या,

"ये गं, आत ये. आधी पाय पूस."