दोन्ही सिलिंडर

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी राहत्या ट्रेलरमधला गॅसचा हीटर विझला. आतला पंखा थोडा वेळ नुसतीच गार हवा फेकत राहिला, मग तोही थांबला. बाहेर पारा शून्याच्या खाली अकरावर होता.

व्हर्लीन स्ट्राउडने कोटात एक हात घातला होता, तेवढ्यात तिचा नवरा पलंगावरून उठला.

"तू थांब. मी बघतो."

"तू बघणार? पायरी उतरलास तरी धाप लागते तुला."

"अकरा हिवाळे कोण बघतंय?" ऑरिन म्हणाला आणि बूट शोधू लागला.

काम मिनिटभराचं होतं. ट्रेलरच्या तोंडाशी गॅसचे दोन सिलिंडर शेजारी शेजारी पट्ट्याने बांधलेले होते. एक संपला की त्याचा नॉब बंद करायचा, दुसऱ्याचा उघडायचा. ऑरिनला दहा मिनिटं लागली. परत आला तेव्हा दाराची चौकट धरून तो बराच वेळ नुसता श्वास गोळा करत उभा राहिला.

"दुसराही रिकामा," तो शेवटी म्हणाला. "गळला असणार. दोन्ही घेऊन जा. होलिसकडून भरून आण."

"दोन्ही?"

"मग काय, रिकामे इथे ठेवून पूजा करायची?"

एक गावाला, एक घराला, हा नियम ऑरिनचाच. शेजारच्या ट्रेलरमधल्या एका जोडप्याने एका जानेवारीत दोन्ही सिलिंडर एकदम नेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे नळ गोठून फुटले, ही गोष्ट तो ट्रेलरांच्या या कॅम्पात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला न चुकता सांगे.

"मग कॅम्पच्या ऑफिसात रॉक्झॅनकडे बस तोवर. तिची शेगडी पेटलेली असते."

"ती बाई डोकं खाते. गोधड्या आहेत, रेडिओ आहे. दोन-तीन तासांचा तर प्रश्न."

"गाडीत चल मग माझ्याबरोबर."

"त्या गाडीत खोकून मरेन मी," ऑरिन म्हणाला आणि हसला. व्हर्लीन हसली नाही.

गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी ऑरिनच्या फुप्फुसाचे फोटो काचेवर लावले होते. यापुढे शहरातल्या इस्पितळातली खाट आणि नळी, एवढंच उरलं होतं. किती दिवस, असं ऑरिनने विचारल्यावर डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं. परतीच्या सत्तर मैलांत तो एकदाच बोलला: "ॲरिझोनाला, उन्हात, जायला हवं होतं आपण." घर विकून ट्रेलर घेतला होता तो त्यासाठीच. अकरा वर्षं त्याची चाकं लाकडाच्या ठोकळ्यांवर होती.

त्याच्या स्वेटरच्या बाहीला चिकटपट्टीचा एक निळा तुकडा लागला होता. सुताचा दोरा काढावा तसा व्हर्लीनने तो काढला आणि कचऱ्याचा डबा लांब होता म्हणून खिशात टाकला.

सिलिंडर तिने आजवर कधी उचलले नव्हते. पहिला उचलून पिकअपमध्ये ठेवला. दुसरा जास्त जड लागला. पहिल्यानेच हात भरून आले असतील, असं तिला वाटलं. ऑरिन दारात आला. तिच्या गळ्याभोवतीचा मफलर त्याने सोडवून पुन्हा नीट बांधला. असं त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

"रस्ता निसरडा आहे," तो म्हणाला. "सावकाश ये. घाई करू नकोस."

गाव चौतीस मैलांवर. होलिस प्रॅटचं दुकान साडेआठला उघडलं तेव्हा ती दारातच उभी होती. गुरांचं खाद्य, खिळे, काटेरी तार आणि मागच्या अंगणात गॅसची मोठी पांढरी टाकी, असा त्याचा व्याप. होलिस साठीचा होता. आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख त्याने मासेमारीचा मोसम बघून ठरवली होती, असं ऑरिन सांगे.

"काय व्हर्लीन, आज म्हातारा अंथरुणात लोळतोय आणि तुला हमाली?"

"लवकर दे रे बाबा. घरात आग नाही."

त्याचे हात भरभर चालू लागले. पहिला सिलिंडर त्याने वजनकाट्यावर ठेवला, नळी जोडली, भरला, काढला. दुसरा उचलताना तो अर्ध्यात थांबला. मग काट्यावर ठेवून आकड्याकडे बघत राहिला.

"हा कशाला आणलास?"

"भरायला. रिकामा आहे."

"सदतीस पौंड भरतोय. नुसतं लोखंड सतरा पौंडांचं, हे बघ, गळ्यावर कोरलंय. काठोकाठ भरलेला आहे हा."

"काटा बिघडला असेल."

होलिसने हातमोजा चढवला, वारा बघितला आणि सिलिंडरच्या तोंडाशी गॅस सोडायचं यंत्र लावून नॉब जरासा उघडला. फुस्स आवाज आला. पाठोपाठ सडक्या अंड्यासारखा वास. त्याने नॉब बंद केला.

"ऑरिन आंधळा झाला की काय? आणि याची पट्टी कुठाय? भरलेल्याच्या नॉबवर निळी पट्टी चिकटवल्याशिवाय तो इथून हलत नाही. वापरायला काढतानाच ती सोडवायची म्हणे. पोरं पट्टीवाला म्हणतात त्याला."

व्हर्लीनने खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तुकडा तिच्या हातमोज्याला चिकटला होता. तिने तो झटकला. तो सुटला नाही.

होलिसच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"हात गारठले असतील त्याचे," तो म्हणाला. "थंडीत नॉब घट्ट बसतो. फिरला नसेल, म्हणून त्याला वाटलं रिकामा. असं होतं. माझंसुद्धा झालंय."

"हो," व्हर्लीन म्हणाली.

ऑरिनचा फोन वाजून वाजून बंद झाला. तिने पुन्हा लावला. मग कॅम्पच्या ऑफिसात लावला.

"रॉक्झॅन, जरा ऑरिनकडे जाऊन ये. आत्ता. फोन ठेवू नकोस."

"का गं, काय झालं?"

"त्याला तुझ्या शेगडीपाशी घेऊन ये. नाही म्हणाला तरी आण."

फोनमधून बर्फावरच्या बुटांचा करकर आवाज येत राहिला. होलिसने तिला न विचारता दोन्ही सिलिंडर उचलून पिकअपमध्ये ठेवले आणि पट्टा दोनदा आवळला. पैशांचं कोणीच बोललं नाही.

"दार आतून लावलंय," रॉक्झॅनचा आवाज आला. "रेडिओ ऐकू येतोय, हवामान सांगतायत. ऑरिन! ए ऑरिन, ऊठ! मी आहे, रॉक्झॅन!"

पत्र्यावर मूठ आपटल्याचे तीन आवाज आले.

"व्हर्लीन?"

"बोल."

"रेडिओ बंद झाला."

"वीज गेली का?"

"नाही गं. बाहेरचा दिवा चालूच आहे. बटण दाबल्याचा आवाज आला मला."

"मग दार उघडतोय?"

दुकानातल्या घड्याळात आठ वाजून छप्पन्न मिनिटं झाली होती. होलिसने पिकअपचं दार उघडून धरलं होतं. फोनमधून फक्त पत्र्यावर वाजणाऱ्या मुठीचा आवाज येत होता.