राजाच्या टोपाचे माप

मी एक जुना लोखंडी टोप आहे, मित्रांनो, लढाईत डोक्यावर घालायचा. माझ्याखालच्या पाटीवर लिहिले आहे, 'महाराजांचे शिरस्त्राण'. पाटीवर विश्वास ठेवू नका. मी स्वतः ठेवत नाही.

तो राजा म्हणे ताडमाड उंच होता, असे या संग्रहालयाचे राखणदार आजोबा रोज सांगतात. माझे माप लहान आहे, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. म्हणून तर त्यांनी मला इतक्या उंच चबुतऱ्यावर चढवले, की खालून कुणाला अंदाजच येऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पुसताना त्यांचा हात फार मायेचा असतो, म्हणून मी गप्प राहतो.

मग एक तज्ज्ञ बाई तपासायला आल्या. हातमोजे घालणाऱ्यांचा मला संशयच येतो. राजा खोटा ठरला तर माझी रवानगी तळघरात होणार आणि आजोबांची उभ्या आयुष्याची गोष्ट हसण्यावारी जाणार. आम्ही दोघेही धास्तावलो होतो.

बाईंनी मला उतरवले. "आजोबा, हा तर कुणा पोराचा टोप आहे."

"महाराज लहानपणी घालत असतील," आजोबा घाईने म्हणाले.

"महाराज होते तरी का? त्यांचं नाव पहिल्यांदा सापडतं, तेच त्यांच्या काळानंतर तीनशे वर्षांनी."

आजोबा स्टुलावर बसले.

मला विचारले असते तर सांगितले असते. मिसरूडही न फुटलेल्या एका पोराने मला घातले होते. त्यालाही मी सैल होत होतो, म्हणून त्याच्या आईने आत चिंधी शिवली. टेकडीवर उभा राहून तो शेजारच्याला सारखा विचारत होता, "राजा येणार ना? तुम्ही पाहिलंय त्याला?" शेजारच्याने पाहिले नव्हते. त्याच्या शेजारच्यानेही नाही. संध्याकाळी शत्रू आला, राजा आला नाही. पोरगा घरी परतला नाही.

बाईंना आत गंजात चिकटलेला धागा दिसला. "मापात बसावा म्हणून कुणीतरी शिवलंय."

आजोबा उठून जवळ आले. त्यांनी वाकून आत पाहिले. "आईच असणार," ते म्हणाले.

"याला इथेच ठेवा," बाई म्हणाल्या. "फक्त खाली आणा."

आता मी मुलांच्या उंचीवर आहे, आणि पाटी कोरी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांच्या पाट्यांना प्रश्न विचारा. राजा होता की नव्हता, मला माहीत नाही. त्याची वाट पाहणारा मात्र नक्की होता.