नवरदेवाचा रिपोर्ट

१९९८ साली तिसगावजवळच्या आमच्या गावात एड्सच्या तपासणीचं शिबिर भरलं. ज्याला वाटेल त्यानं यावं, नावाऐवजी नंबर मिळेल, निकाल ज्याचा त्यालाच कळेल, असं समुपदेशक सीमाताईंनी शाळेत समजावून सांगितलं. अध्यक्ष होते आमचे सरपंच आप्पासाहेब. त्यांनी ‘ज्याला वाटेल त्यानं’चा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी चावडीवर चिकटवली. आम्ही पंचांनी टाळ्या वाजवल्या. रोग गरिबांनाच होतो यावर आमचा सगळ्यांचा विश्वास होता.

त्याच आठवड्यात आप्पासाहेबांच्या वैजनाथची सोयरीक गावातल्याच कडूबाईच्या धाकट्या लेकीशी, पंकजाशी, जुळत होती. वैजनाथ कांद्याचा ट्रक घेऊन बंगळूरपर्यंत जायचा. वाटेत तो कुठं कुठं थांबायचा ते साऱ्या गावाला ठाऊक, पण बैठकीत सगळ्यांची दातखीळ बसली. कडूबाईची थोरली लेक लग्नानंतर तीन वर्षांत वाळून वाळून मेली होती. सासरचे म्हणाले कावीळ, आणि आम्ही माना डोलावल्या होत्या.

कडूबाई म्हणाली, “आप्पा, सुपारी फोडू. पन आदी तुमच्या पोराची तपासनी. माज्या पोरीचीबी करते.”

नाही म्हणावं तर बोभाटा, हो म्हणावं तर पोराच्या दंडात सुई. आप्पासाहेबांनी नेहमीची वाट धरली. त्यांच्या घरचं श्रमदान त्यांचा सालगडी बन्सी करायचा, रेशनच्या रांगेत बन्सी उभा राहायचा. वैजनाथचं रक्त द्यायलाही बन्सीच गेला. “स्वतःच्या मनानं आलात ना?” सीमाताईंनी विचारलं. “व्हय,” बन्सी म्हणाला. मालकाचं मन तेच आपलं मन, ही त्याची वीस वर्षांची सवय.

आठ दिवसांनी नंबराची चिठ्ठी घेऊन वैजनाथ ऐटीत निकाल आणायला गेला. इकडे ओसरीवर दोन्हीकडची मंडळी सुपारीसाठी जमली. पंकजाचा चांगला निघालेला रिपोर्ट कडूबाईनं सगळ्यांपुढे ठेवला. वैजनाथ परतला तो पांढराफटक पडून. सीमाताईंचं पुरतं ऐकूनही न घेता तो पळत आला होता.

आप्पासाहेबांनी त्याच्या हातातला कागद वाचला आणि ते ओरडले, “ह्ये आमच्या वैजूचं रगतच न्हाई! बन्सीला धाडलं हुतं आमी!”

बन्सी चहाचे कप घेऊन समोरच उभा होता. “मालक, काय झालंय मला?” त्यानं विचारलं. त्यानं वाटलेले कप एकेक करून खाली ठेवले गेले. माझाही. त्याची मला आजही लाज वाटते.

“बन्सी, उद्यापासनं गोठ्यात पाय ठिवू नको,” आप्पासाहेब म्हणाले. मग कडूबाईकडे वळून हसले, “आमचा पोरगा चांगला हाय, बाई. फोडू सुपारी.”

“चांगला हाय तर सुईला का भ्याला?” कडूबाई उठली. “तुमच्या पोराच्या नावानं रगत द्यायला गडी चालतो, अन् त्याचं दुकनं निघालं की चालत न्हाई? चल बन्सी, सीमाताईकडं. त्या समदं नीट सांगत्याल.”

“माज्या बायकूलाबी आनावं लागंल का?” बन्सीनं पायरीवरून विचारलं. कडूबाईनं होकारार्थी मान हलवली, आणि दोघं शाळेकडे गेले.

वैजनाथची तपासणी काही झाली नाही. वैशाखात त्याचं लग्न झालं, सोनईकडच्या मुलीशी. तिच्या आईनं काही विचारलं नाही. आम्ही पंचांनीही सांगितलं नाही, आणि पोटभर जेवून आलो.